दोन महालांमधली शेवंती

एक राजा होता. पण फार मोठा नाही, बरं का. त्याचं राज्य एवढंसं होतं. राजा सकाळी शिंकला की वेशीवरचा पहारेकरी तिथूनच ओरडायचा, "औक्षवंत व्हा, महाराज!" राजाचं नाव उदेराज. राणीचं नाव केतकी. आणि त्यांची एक मुलगी होती, शेवंती. यमू, तुझ्याएवढीच असेल. नाही, थोडी मोठी. तिचे पुढचे दात पडून नवे आले होते.

पाय आत घ्या आधी. पांघरूण नीट ओढा. हं, आता ऐका.

राजा आणि राणी आधी फार मजेत राहायचे. राजा स्वतः झाडावर चढून पेरू काढायचा. राणी खालून सांगायची, "अहो, तो नको, कच्चा आहे." राजा नेमका तोच काढायचा, दात आंबवून घ्यायचा, आणि मग दोघं खूप हसायचे. शेवंती पण हसायची. तिला कळायचं नाही कशाला हसतात ते, पण हसायची.

मग काय झालं, एका वर्षी खूप पाणी आलं आणि मोठ्या तळ्याचा बांध फुटायला आला. राजा फावडं घेऊन लोकांबरोबर बांधावर उभा राहिला. आणि नेमका तेव्हाच राणीच्या माहेरून सांगावा आला. तिचे वडील फार आजारी होते. लेक आणि जावई दोघांना डोळे भरून बघायचं म्हणत होते.

राणी म्हणाली, "चला."

राजा म्हणाला, "आत्ता कसा येऊ? बांधाखाली गावं आहेत."

राणी एकटीच गेली. तिचे वडील दाराकडे बघत होते, जावई येईल म्हणून. बघता बघताच गेले बिचारे. राणी परत आली ती गप्पच. राजा अंगभर चिखल घेऊन ओसरीवर बसला होता. दमला होता फार. तो म्हणाला, "बांध वाचला." बघा हं, एवढंच म्हणाला. तिच्या वडिलांचं काही विचारलंच नाही.

काय म्हणतोस, सोपान? राजाचं चुकलं? अरे, मग ती गावं बुडू द्यायची होती का? आणि तू म्हणशील राणीचं चुकलं, तर तिचे वडील गेले होते ना. असं असतं कधी कधी. दोघांचंही खरं असतं, आणि दोघांनाही लागलेलं असतं.

त्या दिवसापासून भांडण सुरू झालं. आधी वडिलांवरून. मग बांधावरून. मग भाजीत मीठ जास्त पडलं त्यावरून. शेवटी राणीने आपलं सामान उचललं आणि ओढ्याच्या पलीकडे एक जुना महाल होता, तिथे राहायला गेली. राजा अलीकडच्या महालात, राणी पलीकडच्या महालात, आणि मधे ओढा. ओढ्याला सोनओढा म्हणायचे. त्यात सोनंबिनं काही नव्हतं, नुसता गाळ.

आणि शेवंती? शेवंती कुठे राहिली?

शेवंती मधे राहिली. सकाळी इकडे, दुपारी तिकडे. आता राजा आणि राणी एकमेकांशी बोलत नव्हते ना, मग निरोप कोण नेणार? शेवंतीच.

राजा म्हणायचा, "जा गं शेवू, तुझ्या आईला सांग, घर सोडून गेलेल्यांनी घरच्या गोष्टीत नाक खुपसू नये."

शेवंती धावत ओढ्यातल्या दगडांवरून पलीकडे जायची. आई केस विंचरत बसलेली असायची. आईचे डोळे सुजलेले असायचे. शेवंती आईकडे बघायची. तिच्या तोंडातून तो निरोप निघायचाच नाही. मग ती काय करायची, तो निरोप गटकन गिळून टाकायची. आणि म्हणायची, "आई, बाबांनी विचारलंय, तू जेवलीस का?"

राणी म्हणायची, "आता आठवण झाली का जेवणाची! सांग त्यांना, दगडाला असतं तेवढंही काळीज नाही म्हणावं तुम्हाला."

शेवंती धावत अलीकडे यायची. बाबा एकटेच ताटावर बसलेले. समोर भाकरी तशीच. शेवंती तोही निरोप गिळून टाकायची. आणि म्हणायची, "बाबा, आई विचारत होती, तुमचा खोकला कसा आहे?"

असं रोज. कडू कडू सगळं पोटात, आणि गोड तेवढं ओठांवर. राजाला वाटायचं, राणी खोकल्याचं विचारते खरी, पण स्वतः येत नाही, केवढी ताठ! राणीला वाटायचं, हा जेवणाचं विचारतो खरा, पण पाय मोडलेत का याचे, यायला काय झालं! म्हणजे शेवंती एवढं करायची, तरी दोघांचा राग वाढतच गेला.

आता मला सांगा, गिळलेले शब्द जातात कुठे? पोटात जातात. आणि शेवंतीच्या पोटात जाऊन त्यांचे खडे व्हायला लागले. खरेखुरे खडे. हसू नकोस, यमू. त्या राज्यात असं व्हायचं.

मग शेवंती जड व्हायला लागली. दिसायला पहिल्यासारखीच, काडी. पण जड. एकदा झोपाळ्यावर बसली तर वरची कडीच निसटली आणि झोपाळा धाडकन खाली. लोक म्हणाले, कडी जुनी असेल. मग एकदा तिच्या तट्टावर बसली. ते तट्टू गरीब, तिला रोज फिरवून आणायचं. त्या दिवशी ते चार पावलं चाललं आणि खाली बसलं. उठेचना. लोक म्हणाले, तट्टू आजारी असेल. मग एकदा ती बागेत खेळता खेळता झोपून गेली. राजा तिला उचलून आत न्यायला आला. त्याने एक हात मानेखाली घातला, एक गुडघ्यांखाली. उचलायला गेला. उचलेना. बांधावर दगड वाहणारा माणूस तो, त्याला स्वतःची एवढीशी लेक उचलेना. तो तिथेच तिच्याशेजारी गवतात बसून राहिला.

मग वैद्य आले. चांगले होते वैद्य. त्यांनी नाडी बघितली, जीभ बघितली, पोटाला कान लावला. आत खडखड ऐकू आली. ते म्हणाले, "महाराज, हे औषधाने जायचं नाही. हे घरातलं दुखणं आहे. घरातलंच कोणीतरी वडीलधारं बोलवा."

झालं! राजा म्हणाला, "शेवू, आईला सांग, तुझ्याकडचं खाऊन पोर आजारी पडली." राणी म्हणाली, "शेवू, बाबांना सांग, तुमच्या वागण्याने पोर आजारी पडली." शेवंतीने दोन्ही गिळले. अजून दोन खडे.

राजाची एक आत्या होती. भागीरथी आत्या. डोंगरापलीकडे राहायची. फार म्हातारी, पण आवाज असा, की गाडीवानाने बैल हाकायची गरज नाही, आत्या बोलली की बैल आपले चालायला लागायचे. वैद्यांनी तिला कळवलं आणि ती आपली गाठोडं घेऊन आलीच. अलीकडच्या महालात गेली नाही, पलीकडच्या महालात गेली नाही. ओढ्याच्या काठी एक जांभळीचं झाड होतं, त्याच्याखाली घोंगडी टाकून बसली. म्हणाली, "शेवूला पाठवा इकडे."

शेवंती आली. जड पावलं टाकत. आत्याने तिला जवळ बसवलं, तिच्या पोटावर हात ठेवला. आत खडखड.

"किती गिळलेस गं?" आत्या म्हणाली.

शेवंती दचकली. "काय?"

"शब्द. मीही गिळायची तुझ्याएवढी असताना. माझी आई आणि माझे वडील असेच. मी मधे. मला वाटायचं, आपण नीट धावपळ केली की दोघांचं जमेल."

"मग जमलं?"

"नाही गं बाळा. ते काम माझं नव्हतंच. पण मला कोणी तसं सांगितलंच नाही. एक खडा अजून आहे बघ इथे." आत्याने आपल्या बरगडीखाली बोट ठेवलं. "जुना आहे. आता त्याची सवय झाली. तुझे मात्र जाऊ देणार नाही मी."

 शेवंती आत्याच्या मांडीवर डोकं ठेवून पडली. आत्याची मांडी अवघडली, पण तिने पाय हलवला नाही.

मग आत्या राजाकडे गेली. म्हणाली, "उदू, निरोप न्यायला पोर नाही. तुला बोलायचं असेल तर तुझे पाय आहेत." राजाने मान डोलावली. मग ती राणीकडे गेली. म्हणाली, "केतकी, तुझं दुःख मोठं आहे. पण ते उतरवून ठेवायला लेकीची पाठ नाही गं." राणी रडली. तिनेही मान डोलावली.

मान डोलावणं सोपं असतं, बरं का. दुसऱ्याच दिवशी काय झालं, ऐका.

राजाला वाटलं, आत्या राणीकडे जास्त वेळ बसली. त्याने शेवंतीला जवळ घेतलं आणि हळूच विचारलं, "शेवू, निरोप नाही देत हं मी. फक्त सांग. तुला कोणाकडे राहायचंय? तू बाबाची ना?"

शेवंती पलीकडे गेली. राणीनेही तिला जवळ घेतलं. तिचे केस सारखे करत विचारलं, "शेवू, खरं सांग हं. तू आईची ना? आईकडेच राहशील ना?"

आता हा काही निरोप नव्हता, की गिळला आणि दुसरा सांगितला. हा तिलाच विचारलेला प्रश्न होता. आणि त्याचं उत्तर काहीही दिलं, तरी कोणीतरी रडणारच होतं. शेवंती उठली. "आले हं," म्हणाली. आणि ओढ्यात उतरली. दगडावरून नाही गेली. मधोमध, जिथून दोन्ही महाल सारखेच लांब दिसतात ना, तिथे जाऊन उभी राहिली. म्हणाली, "मी इथेच राहते."

आणि ओढ्यात होता गाळ. आणि शेवंती होती जड.

तिचे पाय आत गेले. मग गुडघे गेले. ती ओरडली, "आई! बाबा!"

घाबरू नकोस सोपान, माझा हात धर. अलीकडून राजा धावला, पलीकडून राणी धावली. राजाने मुकुट भिरकावला, राणीने पदर खोचला, दोघं धपाधप ओढ्यात शिरले. राजाने तिचा एक हात धरला आणि ओढला आपल्या काठाकडे. राणीने दुसरा हात धरला आणि ओढला आपल्या काठाकडे. शेवंती जागची हलली नाही. "दुखतंय!" ती ओरडली.

राजा म्हणाला, "सोड तिला! तुझ्यामुळे झालं हे!"

राणी म्हणाली, "तुम्ही सोडा! तुमच्यामुळे झालं!"

आणि ते असं म्हणाले मात्र, शेवंती कंबरेपर्यंत आत गेली.

"रोज तिच्या तोंडी खोटं खोटं विचारायचात," राणी म्हणाली, "जेवलीस का, जेवलीस का! एक दिवस तरी स्वतः आलात का विचारायला?"

राजा थबकला. "मी? मी कधी विचारलं जेवलीस का? मी तर..."  मग म्हणाला, "आणि तू माझ्या खोकल्याचं विचारायचीस ते?"

राणी म्हणाली, "खोकला? कुठला खोकला?"

दोघंही शेवंतीकडे बघायला लागले. ओढ्याचं पाणी तिच्या छातीला लागलं होतं. ती खाली बघत होती. हळूच म्हणाली, "मीच म्हणायची ते. तुम्ही म्हणायचात ते फार वाईट होतं. मी ते आईला नाही सांगितलं. बाबांना पण नाही सांगितलं."

"मग कुठे ठेवलंस गं बाळा?" राणीने विचारलं.

शेवंतीने पोटाकडे बोट दाखवलं.

 काठावरून आत्याचा आवाज आला, "अरे, आता तरी ओढू नका! तिच्याशी बोला. एकमेकांबद्दल नको. तिच्याशी!"

मग राजा त्या गाळात गुडघ्यांवर बसला. त्याच्या हनुवटीपर्यंत पाणी आलं. तो म्हणाला, "शेवू, हे भांडण तुझ्यामुळे नाही झालं. तुझं काहीच चुकलं नाही. आणि ते मिटवायचं काम तुझं नाही."

शेवंतीला उचकी लागली. उचक्! आणि तोंडातून टुणकन एक काळा खडा बाहेर पडला. पाण्यात बुडुक्.

मग राणी बसली गाळात. म्हणाली, "शेवू, तू आईची पण आहेस आणि बाबांची पण आहेस. तुला निवडायचं नाही. पुन्हा कोणी विचारणार नाही. बाबा तुला आवडतात ना? खूप आवडू देत. मला त्याचं वाईट नाही वाटणार." असं म्हणताना तिचा आवाज हलत होता, पण म्हणाली ती.

उचक्! टुणकन! बुडुक्! मग काय, उचक्यांवर उचक्या. खड्यांवर खडे. आत्या काठावर उभी राहून म्हणत होती, "येऊ दे, येऊ दे, सगळे येऊ दे!" शेवंती गुडघ्यांपर्यंत वर आली. मग राजा स्वतःहून राणीच्या बाजूला आला. त्याने एका काखेत हात घातला, तिने दुसऱ्या. दोघांनी मिळून उचललं. आणि आली की वर! कोणत्या काठाला नेली? मला ठाऊक नाही. त्या वेळी कोणाच्या लक्षातही आलं नाही.

तिघंही नखशिखांत गाळाने माखले होते. राजा राणीला म्हणाला, "मी यायला हवं होतं. बांध सोडता आला नसता, पण नंतर तरी यायला हवं होतं. निदान विचारायला हवं होतं." राणीने किती तरी दिवसांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. म्हणाली, "हो. विचारायला हवं होतं." आणि खूप रडली.

मग काय यमू, ते एका महालात राहायला लागले का? नाही गं. राणी म्हणाली, "माझा राग अजून गेलेला नाही. पण तो माझा आहे. मी सांभाळेन. शेवूला देणार नाही." आणि ती पलीकडच्या महालातच राहिली. पण आता शेवंतीची गादी दोन्हीकडे होती, आणि दोन्हीकडे तिचा आपला एक पेला होता.

आत्या काही दिवस जांभळीखालीच राहिली. लक्ष ठेवायला. राजा कधी कधी चुकायचाच. "शेवू, तुझ्या आईला सांग—" म्हणायचा आणि जीभ चावायचा. मग एक जोडा पायात, एक जोडा हातात, असा स्वतःच ओढा ओलांडून जायचा. शेवंती आल्यावर राणी विचारायला जायची, "काय म्हणत होते ते?" मग आत्याचा खोकला ऐकू यायचा. मग राणी विचारायची, "मजा आली का गं तिकडे? काय खाल्लंस?" आणि दोघांचं वाजलंच, तर लांब खळ्यापाशी जाऊन भांडायचे. लोकांना दिसायचं, राजा हात हलवतोय, राणी मान हलवतेय. मग परत यायचे आणि शेवंतीला शाळेत कोण सोडणार ते ठरलेलं असायचं.

पण शेवंती अजून थोडीशी जडच होती. आत्या म्हणाली, "एक खडा राहिलाय गं. हा निरोपाचा नाही. हा तुझाच आहे."

मग एक दिवस राजा आणि राणी पेरूच्या झाडाखाली शेवंतीबरोबर बसले होते. शेवंतीने पेरू खाली ठेवला.  आणि ती एकदम म्हणाली, "मला राग आलाय. तुमचा दोघांचा. तुम्ही खूप वाईट वागलात. मी एवढीशी होते आणि तुम्ही मला नुसतं पळवलंत."

राजाच्या तोंडावर आलं होतं, "मोठ्यांशी असं बोलतात का?" पण तो बोलला नाही. राणीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण "मला काय वाटेल गं," असं ती म्हणाली नाही.

राजा म्हणाला, "हो, शेवू."

राणी म्हणाली, "अजून सांग. आम्ही ऐकतो आहोत."

मग शेवंतीने सगळं सांगितलं. रडून सांगितलं, पाय आपटून सांगितलं, मधे थांबून पुन्हा सांगितलं. दोघं ऐकत बसले. मधे बोलले नाहीत. एकमेकांकडे बोट दाखवलं नाही. आणि शेवटी एक मोठी उचकी आली, आणि सगळ्यात मोठा खडा गवतात येऊन पडला. चिंचोक्याएवढा, लाल.

मग शेवंती म्हणाली, "मला झोप आली."

राजाने तिला उचललं. एका हाताने उचललं बरं का. पिसासारखी झाली होती. ती त्याच्या खांद्यावर मान टाकून झोपली, आणि राणी शेजारून तिचा पाय धरून चालत होती. त्या दिवशी तिची पलीकडे झोपायची पाळी होती, म्हणून राजाने तिला पलीकडे नेऊन निजवलं आणि आपल्या घरी आला.

पुढे सगळे सुखात राहिले. दोन महालांत राहिले, पण सुखात राहिले.

झाली गोष्ट. चल सोपान, कूस बदल. यमू, तुझ्या मनात काही असलं तर सकाळी मला सांग, आईला सांग, बाबांना सांग. गिळू नकोस. आता डोळे मिटा बघू दोघांनी. मी आहे इथेच.